माडीचें घर आणि मागील दार

घर पाहावें बांधून, असें आपल्याकडील अनुभवी माणसें म्हणत आलीं आहेत. ज्यानें एकदां घर बांधलें त्यास या म्हणीचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाहीं. आमच्यावर तर हा प्रसंग आयुष्यांत दोनदां आला. पहिल्या खेपेस आम्ही सदतीस वर्षांचे होतों आणि आपणांस सर्व कांहीं समजतें अशी आमची खात्री होती. दुसऱ्या खेपेस साठी उलटली होती आणि ती खात्री बरीच ओसरली होती. पहिलें बांधकाम चुकलें. दुसरें पुष्कळ अंशीं साधलें. गवंडी व सुतार दोन्ही वेळां चांगलेच मिळाले होते. फरक पडला तो नकाशा आंखतांना आम्ही कोठें उभे राहिलों होतों, याचा. ज्या कुटुंबांत सध्यां गांवच्या घराची डागडुजी किंवा नवी उभारणी चालली असेल, त्यांस आमच्या या दुहेरी अनुभवाचा कांहीं उपयोग व्हावा, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

आमचें घर दापोली तालुक्यांतील समुद्रकांठच्या एका गांवीं, नारळी-पोफळीच्या वाडींत आहे. आजोबांनीं बांधलेलें मूळ घर एकमजली होतें. पुढें अंगण, मग पडवी, ओटी आणि माजघर. माजघराच्या एका अंगास देवघर, दुसऱ्या अंगास बाळंतिणीची खोली. मागें स्वयंपाकघर, मागील पडवी, न्हाणीघर, विहीर आणि गोठा. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, जमीन सारवणाची, छपरास कौलें. कोंकणांत ज्यांचें बालपण गेलें, त्यांस हें वाचतांनाच ओल्या सारवणाचा वास येईल.

सन १९९४ मध्यें आम्हांस या घरावर माडी चढविण्याची हौस आली. शेजारच्या दोन घरांवर माड्या झाल्या होत्या. धाकटे दोघे बंधु नोकरीस लागले होते. मे महिन्यांत सर्व मंडळी गांवीं जमली म्हणजे निजावयास जागा पुरत नसे. हीं कारणें खोटीं नव्हतीं. परंतु रस्त्यानें जाणाऱ्यास आपली माडी दिसावी, ही इच्छा त्या सर्वांहून बळकट होती, हें आज कबूल केलेलें बरें. आम्हीं रस्त्यावर उभे राहून गवंड्यास बोटानें दाखविलें : येथें तीन खिडक्या, येथें सज्जा, वर नक्षीची झालर. जिन्याचा विचार सर्वांत शेवटीं झाला. माजघराच्या कोपऱ्यांत जेवढी जागा उरली तेवढींत तो बसविला. चौदा पायऱ्या, प्रत्येक पायरी नऊ इंच उंच, आणि पाऊल टेकावयास अवघे सात इंच. कठडा एकाच बाजूस, आणि मध्यें उजेडाचें नांव नाहीं. शिवाय पाहुण्यांच्या गाद्या-गोधड्यांचें मोठें फडताळ आम्हीं माडीवर हलविलें, कारण तेथें भिंत मोकळी होती.

त्या गोधड्या वरून खालीं कोण आणणार, हा प्रश्न आमच्या मनांत आलाच नाहीं. त्या आमची आई आणीत असे. सन २००३ च्या मे महिन्यांत घर पाहुण्यांनीं भरलें असतां ती दोन गोधड्या काखेंत घेऊन उतरत होती. वरून चौथ्या पायरीवर तिचा पाय सुटला. खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया झाली, काठी घेऊन ती हिंडूंफिरूं लागली. परंतु त्यानंतर ती सहा वर्षें जगली, त्या सहा वर्षांत माडीवर एकदांही गेली नाहीं. माडीच्या पश्चिमेकडील खिडकींतून पोफळींच्या शेंड्यांवरून समुद्र दिसतो. पावसाळ्यांतील समुद्र पाहावयाची तिला फार आवड. "आज समुद्र कसा आहे रे?" असें ती खालून विचारी, आणि आम्ही वरून सांगत असूं. तिनें आम्हांस कधीं बोल लाविला नाहीं. गवंड्यानें मात्र बांधतांनाच म्हटलें होतें, "मास्तर, जिना फार उभा होतोय." त्यावर आम्हीं "चालेल" असें उत्तर दिलें होतें. तो शब्द आम्हांस अजून टोंचतो.

वादळ आणि चित्र

दिनांक ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर श्रीवर्धनच्या बाजूस जमिनीवर आलें. दापोली व मंडणगड या तालुक्यांनाही त्याचा मोठा तडाखा बसला. पिढ्यान् पिढ्या जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या कांहीं तासांत आडव्या झाल्या. आम्ही उभयतां देवघरांत बसून होतों. प्रथम पुढील पडवीचीं कौलें गेलीं. मग वारा त्या वाटेनें आंत शिरला आणि त्यानें माडीचें पाखें खालून उचललें. रस्त्यावरून दिसावी म्हणून आम्हीं हौसेनें उभारलेली तीन खिडक्यांची भिंत आंतल्या बाजूस कोसळली. सुदैवानें वर कोणी नव्हतें. आजोबांचें माजघर, देवघर आणि स्वयंपाकघर जागच्या जागीं उभीं राहिलीं. करोनाच्या टाळेबंदीचे दिवस होते. बंधूंस येतां येईना. वीज कित्येक दिवस नव्हती. पावसाळा आम्हीं ताडपत्रीखालीं काढला.

दिवाळीस बंधु व त्यांचीं मुलें आलीं, आणि पुढें काय करावयाचें याचा विचार ओटीवर बसून सुरू झाला. एक मत असें पडलें कीं, जागेचे तीन भाग करून प्रत्येकानें आपलें बिऱ्हाड स्वतंत्र बांधावें. दुसरें मत असें कीं, कोणासच कायमचें येथें राहावयाचें नाहीं, तेव्हां डागडुजी करून कुलूप लावावें. पुण्याचा पुतण्या स्थापत्यशास्त्राचा पदवीधर आहे. त्यानें आपल्या मोबाईलवर एक चित्र दाखविलें. "काका, हें पाहा. अमेरिकेंतलें दुमजली फार्महाऊस. आपण असें बांधूं." पांढऱ्या उभ्या फळ्यांच्या भिंती, काळ्या चौकटींच्या मोठमोठ्या खिडक्या, उतरतें छप्पर, पुढें लांबलचक पडवी आणि तींत डुलत्या खुर्च्या, आंत दोन मजल्यांएवढा उंच दिवाणखाना आणि त्यालाच लागून उघडें स्वयंपाकघर. चित्र मोहक होतें, यांत शंका नाहीं.

परक्या देशाचें म्हणून त्यास नांवें ठेवावीं, असें आम्हांस वाटत नाहीं. तें घर त्या देशांतील शेतकऱ्याच्या गरजेंतून जन्मलें आहे. तेथें लांकूड मुबलक, म्हणून भिंती फळ्यांच्या. अनेक भागांत बर्फ पडतें, म्हणून छप्पर उतरतें. दिवसभर शेतांत राबलेल्या माणसांस सायंकाळीं टेकावयास जागा हवी, म्हणून पडवी. आमच्या आजोबांच्या घरांतही उतरतें छप्पर व पडवी होतीच. दोन्ही शेतकऱ्यांनीं आपापल्या आकाशाकडे व आपापल्या कामाकडे पाहून घर बांधलें, आणि म्हणूनच तीं एकमेकांस ओळख देतात. परंतु त्याच्या भिंतीच्या पांढऱ्या फळ्या आमच्या वाडींत आणून लावल्या, तर पहिल्याच पावसाळ्यांत त्या बुरशीनें हिरव्या होतील आणि मागाहून वाळवी त्यांचा समाचार घेईल. दोन मजल्यांएवढ्या दिवाणखान्यांत खालच्या फोडणीचा ठसका वरच्या प्रत्येक अंथरुणापर्यंत पोंचेल.

हा वाद चालू असतां आमची पत्नी आंतून चहा घेऊन आली. तिनें तें चित्र न्याहाळून पाहिलें आणि पुतण्यास म्हणाली, "छान आहे रे. पण यांत मागील दार कोठें आहे?" त्यास उत्तर देतां येईना. तेव्हां ती सर्वांस उद्देशून म्हणाली, "तुम्ही सगळे घराकडे रस्त्यावरून पाहतां. एकदां विहिरीपाशीं उभे राहून पाहा, आणि त्या दारानें माझ्या दिवसाला किती खेपा होतात त्या मोजा."

पुतण्या मनाचा सरळ. दुसऱ्या दिवशीं सकाळीं सहा वाजतां तो वही घेऊन डोणीपाशीं जाऊन बसला. रात्रीं नऊ वाजेपर्यंतचा त्याचा हिशेब असा झाला : मागील दारानें त्याच्या काकूच्या त्रेसष्ट खेपा; पुढील दारानें नऊ, आणि त्या नऊही आमच्या. त्यानें मोबाईलवरील चित्र मिटून ठेविलें आणि नव्या कागदावर प्रथम मागील दार काढलें. आमच्या घराचा नकाशा तेथून सुरू झाला.

जागा आणि जोतें

वास्तु हा शब्द 'वस्' म्हणजे राहणें या धातूपासून झाला आहे. हल्लीं वास्तुशास्त्राच्या नांवाखालीं पुष्कळ भीति विकली जाते, आणि दिशेच्या धाकानें चांगलीं घरें पाडलींही जातात. मूळ ग्रंथ वाचणारास त्यांत व्यवहारज्ञानही पुष्कळ आढळतें. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत रचलेल्या बृहत्संहितेंत वास्तुविद्येस स्वतंत्र अध्याय आहे. त्यांत जमिनीची एक सोपी परीक्षा सांगितली आहे. हातभर खोल खड्डा खणावा आणि निघालेल्या मातीनेंच तो पुन्हां भरावा. माती उरली तर जमीन उत्तम, बरोबर झाली तर मध्यम, कमी पडली तर वर्ज्य. दुसरी परीक्षा पाण्याची. खड्डा पाण्यानें भरून शंभर पावलें जाऊन परत यावें. तेवढ्या वेळांत पाणी कमी झालें नाहीं तर जमीन चांगली. माती किती घट्ट आहे आणि पाणी किती शोषते, हें हल्लीं यंत्रांनीं पाहतात. त्याचेंच हें घरगुती रूप म्हणावयास हरकत नाहीं. आम्हीं पुतण्यासह दोन्ही परीक्षा करून पाहिल्या. माती उरली, तेव्हां त्यास जो आनंद झाला तो पाहण्यासारखा होता. ज्या जागीं राहणाराचें मन रमतें ती जागा त्यास शुभ, असेंही तेथेंच सांगितलें आहे, हें दिशांच्या धास्तीनें निजेस मुकलेल्यांनीं ध्यानांत ठेवावें.

आमच्या किनाऱ्यावर वर्षाकाठीं सुमारें तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो नैर्ऋत्येकडून तिरका येतो. म्हणून जोतें अडीच फूट उंच घेतलें आणि पश्चिम व दक्षिण या दोन्ही अंगांस पडवी फिरविली. भिंतीस पाऊस लागूंच नये, यासारखा ओलीवर दुसरा उपाय नाहीं.

भिंती पूर्वींप्रमाणेंच जांभ्याच्या ठेविल्या. हा दगड खाणींत असतां मऊ असतो, हत्यारानें सहज कापतां येतो आणि उघड्यावर वाऱ्या-उन्हांत घट्ट होतो. फ्रान्सिस ब्युकानन यानें १८०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवृत्तांत त्यास 'लॅटेराइट' हें नांव दिलें. लॅटिन भाषेंत 'लेटर' म्हणजे वीट. जणूं निसर्गानें भाजलेली वीटच ती. प्रसिद्ध वास्तुकार लॉरी बेकर (१९१७–२००७) हे जन्मानें इंग्रज. आयुष्याचा उत्तरार्ध त्यांनीं केरळांत साधीं व स्वस्त घरें बांधण्यांत घालविला. पांच मैलांच्या आंत मिळणाऱ्या सामानांतून घर बांधावें, असा उपदेश आपणांस गांधीजींनीं केला होता, असें ते सांगत. आमच्या चिऱ्याची खाण तर गांवापासून तीन मैलांवरच आहे. पडलेल्या भिंतीचे चांगले चिरे निवडून तेही आम्हीं पुन्हां वापरले.

खालचा मजला

मागील पडवी दहा फूट रुंद केली. नारळ सोलणें, भाजी निवडणें, सुपारी वाळविणें, कुळीथ पाखडणें, पावसांत कपडे वाळत घालणें, हीं सर्व कामें तेथेंच होतात. मग घरांतील सर्वांत चांगला वारा व उजेड तिला कां मिळूं नये? बसून काम करण्यासाठीं भिंतीलगत दीड फूट उंचीचा चिऱ्याचा कट्टा आहे. मोठ्या स्वयंपाकाची चूल व भांडीं घासण्याची जागा पडवींतच, परंतु छपराखालीं आहे. विहिरीपासून स्वयंपाकघरापर्यंत पावसाचा थेंब अंगावर न घेतां जातां यावें, ही अट पत्नीनें घातली होती. ती शब्दशः पाळली.

स्वयंपाकघर पूर्वेस ठेविलें. जुन्या स्वयंपाकघरांत धूर जावयास एक धुराडें व उजेडास एक हातभर झरोका होता. आमच्या आईचे डोळे त्या धुरानें साऱ्या जन्मभर चुरचुरले. आतां तेथें दोन मोठ्या समोरासमोर खिडक्या आहेत. ओट्याची उंची पुस्तकांतून न घेतां, त्यावर काम करणाऱ्या माणसाच्या कोपरावरून घेतली. ती चौतीस इंच भरली.

माजघराच्या उत्तरेस वडील माणसांची खोली आहे. तिचें दार तीन फूट रुंद, तिला उंबरठा नाहीं, आणि तिचें न्हाणीघर व शौचकूप तिला लागूनच आहे. खालच्या मजल्यावर अशी खोली नसलेलें दुमजली घर हें तरुणांचें घर होय. आणि तरुण माणसें तरुण राहत नाहींत, हें घर बांधणारानें विसरूं नये. पांघरुणांसाठीं दोन्ही मजल्यांवर निरनिराळीं फडताळें केलीं. आतां अंथरूण घेऊन जिना चढण्या-उतरण्याचें कारण कोणासच पडत नाहीं.

जुन्या मागील पडवीच्या टोंकास एक लहान अंधारी खोली होती. महिन्यांतील चार दिवस घरांतील स्त्रियांस तेथें बसावें लागे. तिला खिडकी नव्हती. ती चाल आमच्या घरांतून जाऊन बरींच वर्षें झालीं. परंतु खोली तशीच राहिली होती आणि तींत आम्ही कुदळी-फावडीं ठेवीत होतों. नव्या नकाशांत ती नाहीं. त्या जागीं आतां मोठी खिडकी आणि शिवणयंत्र आहे. जुन्या घराचें सर्वच जतन करावयाचें नसतें. कांहीं गोष्टी वादळाची वाट न पाहतां आपणच पाडावयाच्या असतात.

जिना

जिन्यावरून पुन्हां एकदां वाद झाला. धाकटे बंधु म्हणाले, "दादा, जिनाच एका खोलीएवढी जागा खातो आहे." तें खरेंच होतें. मजल्याची उंची अकरा फूट. त्यास सहा-सहा इंचांच्या बावीस पायऱ्या, पाऊल टेकावयास बारा-बारा इंच, रुंदी साडेतीन फूट, आणि अकरा पायऱ्यांनंतर मध्यें विसाव्याचा चौकोन. आपल्या देशाच्या राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणें घरगुती जिन्याची पायरी १९० मिलिमीटर म्हणजे सुमारें साडेसात इंचांहून उंच नसावी, आणि पाऊल टेकण्याची जागा २५० मिलिमीटर म्हणजे सुमारें दहा इंचांहून कमी नसावी. आमचा १९९४ चा जिना या दोन्ही कसोट्यांस उतरला नसता. बंधूंस आम्हीं एवढेंच म्हटलें, "आईला ही खोली देणें राहून गेलें, असें समज." त्यानंतर तो विषय निघाला नाहीं.

दोन्ही बाजूंस हातांत मावतील असे गोल कठडे बसविले. विसाव्याच्या चौकोनांत खिडकी, बांकडें आणि पुस्तकांचें कपाट ठेविलें. चढतां चढतां दम घेण्यास बसावें आणि पुस्तक चाळावें, अशी ही जागा. घरांतील मुलांनीं ती केव्हांच बळकाविली आहे.

माडी आणि छप्पर

माडीवर तीन खोल्या आहेत, मापानें अगदीं सारख्या. प्रत्येकीस आपलें न्हाणीघर, आपलें कपाट आणि आपली किल्ली. खालीं स्वयंपाकघर एकच. स्वतंत्र बिऱ्हाडें हवीं म्हणणाऱ्यांचें म्हणणें नीट ऐकून घेतलें, तेव्हां असें दिसून आलें कीं, त्यांस वेगळी चूल नको होती. सुनांस दार लावून घटकाभर स्वस्थ बसतां येईल अशी जागा हवी होती. जुन्या एकत्र कुटुंबांत पुरुषांस ओटी होती, परंतु सुनेस अशी जागा नव्हती. आणि कित्येक घरें भिंती पुरेशा नसल्यामुळेंच विभक्त झालीं, असें आम्हांस वाटतें. एक चूल आणि तीन किल्ल्या, या तोडग्यावर तिन्ही भावांच्या सह्या झाल्या.

छपरास मंगळुरी कौलेंच घातलीं. बाझल मिशननें मंगळूर येथें १८६५ सालीं कारखाना काढला तेव्हांपासून तीं या किनाऱ्यावर पसरलीं, आणि कुंभाराच्या नळीच्या कौलांची जागा त्यांनीं घेतली. वादळानें शिकविलेले धडे मात्र या खेपेस पाळले. छप्पर दोनपाखी न करतां चौपाखी केलें, कारण चारही बाजूंनीं उतरतें छप्पर वाऱ्यास कमी सांपडतें आणि उंच त्रिकोणी भिंत उभारावी लागत नाहीं. भिंतींच्या माथ्यावर सभोंवार सिमेंट-काँक्रीटचा सलग पट्टा घालून लांकडी सांगाडा त्यास लोखंडी पट्ट्यांनीं व बोल्टांनीं जखडला. पडवीचें छप्पर मुख्य छपराहून वेगळें ठेविलें. तें उडालेंच तर एकटें उडेल, घराचें छप्पर बरोबर घेऊन जाणार नाहीं. कडेच्या ओळींचीं कौलें तारेनें बांधलीं. उतार दोन फुटांस एक फुटाहून थोडा अधिकच दिला आहे.

कौलांखालची माडी उन्हाळ्यांत तापते, ही तक्रार खरी आहे. त्यासाठीं कौलांखालीं फळ्यांची तक्तपोशी केली आणि दोहोंमधील तापलेली हवा निघून जावी म्हणून आढ्यापाशीं जाळीचीं भोंकें ठेविलीं. समोरासमोर खिडक्या असल्यामुळें समुद्रावरचा वारा आरपार जातो. दोन ठिकाणीं काचेचीं कौलें आहेत. दिवसां दिवा लावावा लागत नाहीं.

सजावट

सजावटीचा विचार आम्हीं शेवटीं केला, आणि तो थोडाच करावा लागला. घर कामास योग्य झालें म्हणजे निम्मी शोभा आपोआप येते. भिंतींस आंतून चुन्याची सफेती दिली आहे. चुना हवेंतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू दगडासारखा घट्ट होतो, आणि दमट हवेंत त्यावर बुरशी सहसा धरत नाहीं. बाहेरून चिरा उघडाच ठेवून फक्त दरजा भरल्या आहेत. पावसांत त्याचा तांबडा रंग असा कांहीं खुलतो कीं, दुसरा रंग देण्याची इच्छाच होत नाहीं.

पडलेल्या माडींतील फणसाच्या फळ्या सुतारानें तासून दिल्या. आंतून तें लांकूड अजून पिवळें निघालें. त्याचा झोपाळा झाला आणि देव्हाऱ्याचीं दारें झालीं. आजोबांच्या ओटीची चौकट जशीच्या तशी बसविली. माजघराच्या ज्या खांबावर तीन पिढ्यांच्या मुलांची उंची खिळ्यानें कोरलेली आहे, त्यास रोगण लावूं पाहणाऱ्या सुतारास आम्हीं वेळींच अडविलें. भिंतीवर चित्रें तीनच आहेत. त्यांतील एक राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं काढलेल्या छापखान्यांत छापलेलें लक्ष्मीचें चित्र आमच्या आजीचें आहे; तें दिवाणखान्यांत न लावतां, ती जेथें बसे त्या माजघराच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या नजरेस येईल इतक्या उंचीवर लाविलें आहे. पुतण्याच्या चित्रांतील एक वस्तु आम्हीं आनंदानें घेतली. पुढील पडवींत दोन डुलत्या खुर्च्या आहेत. तेवढ्यानें अमेरिकेंतील शेतकऱ्याचें व आमचें देणें-घेणें फिटलें असें समजावें.

काम दीड वर्ष चाललें, आणि सन २०२२ च्या गणेशचतुर्थीस आम्ही नव्या घरांत गणपति आणला. एकवीस माणसें जमलीं होतीं. आमची चौऱ्याऐंशी वर्षांची आत्या मुंबईहून आली होती. आरती झाल्यावर ती म्हणाली, "मला माडी बघायची आहे." दोन्ही हातांनीं कठडे धरून ती अकरा पायऱ्या चढली, विसाव्याच्या बांकड्यावर बसली, मुलांचें एक पुस्तक उघडून पाहिलें, आणि उरलेल्या अकरा पायऱ्या चढली. पश्चिमेच्या खिडकींत ती पुष्कळ वेळ उभी होती. भाद्रपदांतील समुद्र बराच निवळलेला होता. मग ती आमच्याकडे न पाहतांच म्हणाली, "वहिनीला हें दाखवायला हवें होतें रे." आम्हांस कांहीं बोलतां आलें नाहीं.

वाचकांपैकीं ज्यांच्या हातीं सध्यां घराचा नकाशा असेल, त्यांस आमची एवढीच विनंती आहे. त्यावर सही करण्यापूर्वीं एक सबंध दिवस मागील दारापाशीं बसून काढावा. घरांतील सर्वांत वयोवृद्ध माणूस कोठें निजेल, पाणी कोठून आणावें लागेल, अंथरुणें कोण उचलील आणि कोणत्या वाटेनें नेईल, हें ज्याच्या अंगावर तें काम पडतें त्यास विचारावें. गवंडी कांहीं सुचवूं लागला तर "चालेल" म्हणण्यापूर्वीं त्याचें बोलणें पुरतें ऐकून घ्यावें. पुढील दाराची शोभा मागाहून हवी तेवढी करतां येते.